यशोधराच्या अंगठ्यावरचे नऊ नंबर

माझी बायको यशोधरा आणि परवाझ मोबाईल कंपनी, दोघी महिन्याभराच्या आत गेल्या. कंपनीचं जाणं टीव्हीवर दाखवलं. दोन साहेबांनी हात मिळवले, मागे फुलांची कमान होती, टाळ्या झाल्या. यशोधरा गेली तेव्हा दवाखान्यातल्या माणसाने बेड कधी मोकळा होईल एवढंच विचारलं. कंपनीबद्दल पेपरात लिहून आलं की तिने देशाला बोलायला शिकवलं. देश त्याआधी मुका होता हे मला माहीत नव्हतं.

मी शंकर शेजवळ. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात नोकरी केली आणि रिटायर झालो. आम्हाला मूल नाही. यशोधरा अंगणवाडीत मदतनीस होती, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या पोरांना तिने कधी ना कधी खाऊ घातलेलं. कंपनीला नेमकी अशीच बाई पाहिजे होती.

परवाझ आली तेव्हा बाजारात दोन-तीन मोठ्या कंपन्या होत्या आणि त्या आपल्याला हवा तसा भाव लावत होत्या. परवाझचे मालक जाहिरातीत पांढऱ्या बुटात यायचे आणि म्हणायचे, आम्ही छोट्यांची कंपनी, आम्ही मोठ्यांना घाम फोडणार. परवाझ हे नाव आमच्याकडे कोणाच्या तोंडात बसलं नाही. बोर्डावर पिवळं पाखरू होतं, म्हणून सगळे पाखरूच म्हणायचे. स्टेशनबाहेर, भाजी मार्केटजवळ, अगदी बदलापूर गावापर्यंत पिवळ्या छत्र्या लागल्या. छत्रीखाली टेबल, टेबलावर सिम कार्डं, बाजूला नाचणारी दोन पोरं. सहा महिने सगळं फुकट. फुकट म्हटल्यावर मोठ्यांना घाम फुटलाच. आम्हालाही फुटला, रांगेत.

आमच्या भागाची एजन्सी उल्हासनगर कॅम्प एकच्या परसराम नोतवानीकडे होती. आम्ही त्याला परसूशेठ म्हणतो. आधी तो पडद्याचं कापड विकायचा. तो एक दिवस घरी आला आणि पाण्याचा ग्लास हातात घेऊनच यशोधराला म्हणाला, "दीदी, मेरे लडके दरवाजा ठोकते हैं तो लेडीज लोग अंदरसे बोलते हैं, आदमी घरमें नहीं है. तुम ठोकोगी तो चाय मिलेगी. साईं, धंदा चाय से होता है."

"मला ते मशीन नाही जमायचं," यशोधरा म्हणाली.

"अंगठा लगानेका मशीन है, दीदी. रॉकेट थोडी उडाना है."

तिला पिवळा टी-शर्ट मिळाला. तो तिने साडीवर घातला आणि आरशात बघून म्हणाली, "मी हळदीची पुडी दिसते." मी म्हटलं, छोटी नाही, पाव किलोची. चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पण टी-शर्ट घालत राहिली.

ती चांगली विकायची. विकायची म्हणजे दार वाजवायची, पोरांची चौकशी करायची, निघताना सिम द्यायची. अडचण फक्त कागदांची आणि अंगठ्याची होती. शेजारच्या भिमाबाईंनी जन्मभर दुसऱ्यांची भांडी घासली. त्यांच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. मशीनवर अंगठा ठेवला की मशीन लाल व्हायचं.

"मशीन म्हणतं तुम्ही नाहीच," यशोधराने सांगितलं.

"मग एवढी भांडी कोणी घासली, तुझ्या मशीनने?" भिमाबाई म्हणाल्या.

समोरचा राजरत्न अठराचा झाला नव्हता, त्याच्या नावावर सिम निघेना. आमच्या माळ्यावर विक्रांत नावाचा पोरगा भाड्याने राहायला आला होता. परभणीकडचा. त्याच्या आधारवर बापाच्या नावाच्या जागी गावाचं नाव छापलेलं. नोकरीसाठी दहा ठिकाणी अर्ज केलेले आणि फोन यायला नंबर नाही. अशी आठ माणसं निघाली. यशोधराने परसूशेठला विचारलं, यांचं काय करू. महिन्याची शेवटची तारीख होती, शेठला टार्गेट भरायचं होतं.

"तेरा अंगूठा लगा दे ना, दीदी. एक आदमीपे नौ सिम चलता है, गवर्नमेंट का रूल है. अंगूठाही मांगा है, किडनी थोडी."

नियमात नऊ बसतात म्हटल्यावर तिने नऊ केले. एक तिचा स्वतःचा, आठ गल्लीचे. आमच्याकडे कोणाच्या घरी पाहुणे आले की खुर्च्या शेजारून येतात, लग्न असलं की पातेली येतात. ती म्हणाली अंगठा पण तसाच, गेला तर काय झिजणार आहे. हे डोकं फक्त आमच्या गल्लीत चालू शकतं. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

कंपनी वाढली. केरळपासून काश्मीरपर्यंत पाखरू बसलं. मोठ्या कंपन्यांनी भाव पाडले, कोर्टात गेल्या, परत आल्या. मालक पांढऱ्या बुटातच राहिले. त्यांनी चांगलं काम करणाऱ्या बायकांना मुंबईच्या हॉटेलात जेवायला बोलावलं. यशोधराला 'स्टार दीदी' अशी काचेची पाटी मिळाली. मालक स्टेजवरून म्हणाले, ही कंपनी नाही, कुटुंब आहे. यशोधरा घरी येऊन मला म्हणाली, "कुटुंबात इतकं थंड एसी नसतं हो. माझं आइस्क्रीम शेवटपर्यंत वितळलं नाही."

मग मालकांनी कुटुंब विकलं.

जानेवारीत बातमी आली. ज्या मोठ्या कंपनीला घाम फोडायचा होता, तिनेच पाखरू विकत घेतलं. मालक म्हणाले, ही विक्री नाही, हा संगम आहे. परसूशेठ दुकानाचा पिवळा बोर्ड उतरवत होता तेव्हा मी तिथे होतो. तो शिडीवरून म्हणाला, "शंकरभाऊ, हम दुकान बेचें तो लोग बोलते हैं डूब गया. ये बेचें तो फोटो छपता है." आता तो मोबाईलची कव्हरं विकतो. त्यात पिवळ्या रंगाची पण आहेत.

फेब्रुवारीत संगमाचं काम सुरू झालं. संगमाचं काम म्हणजे टॉवर बंद. अंबरनाथमध्ये तीन दिवस पाखरूच्या फोनला रेंज नव्हती. त्याच तीन दिवसांत यशोधराचं हृदय बंद पडलं. सकाळी चहा ठेवते म्हणाली आणि ओट्यापाशी बसली. रिक्षा राजरत्न धावत जाऊन घेऊन आला, कारण फोन कोणाचाच लागत नव्हता. लागला असता तरी ती वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं.

गल्लीत तोंडोतोंडी कळलं. मैताला सगळे आले, पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही आले. भंतेजींनी छान सांगितलं. भिमाबाईंनी भात केला. एकच माणूस आला नाही, विक्रांत. आमच्या माळ्यावर दोन वर्षं राहिला, यशोधराच्या हातचं जेवला, तिच्याच अंगठ्याच्या नंबरवर त्याला नोकरीचा फोन आला. आता पालेगावात नव्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. मला वाटलं, सातव्या मजल्यावरून माणसं लहान दिसत असतील.

यशोधराचा फोन मी बंद केला नाही. मोठ्या कंपनीची रेंज आली तसा तो वाजायला लागला. कल्याणची तिची बहीण रखमा रोज सवयीने तिच्याच नंबरवर लावायची आणि मी उचलला की म्हणायची, "हां, भावजी, तुम्हीच का." अंगणवाडीच्या मुख्यसेविका विचारायच्या, मीटिंगला येणार का. मी सांगायचो, नाही जमणार. कधी कधी कोणी म्हणायचं, "यशोमावशी आहे का?" आणि नाही म्हणायच्या आधी क्षणभर मला वाटायचं, आत आहे, देतो. त्या क्षणासाठी मी तो फोन चार्ज करत होतो. बाकी माझ्या आयुष्यात चार्ज करण्यासारखं काही नव्हतं.

मे महिन्यात सगळ्यांना मेसेज आला. प्रिय ग्राहक, आमच्या मोठ्या कुटुंबात स्वागत आहे. ज्याच्या नावावर नंबर आहे त्या माणसाने महिनाअखेरपर्यंत दुकानात येऊन चेहरा दाखवावा, नाहीतर नंबर बंद.

संध्याकाळी आठातले सात जण माझ्या ओट्यावर जमले. चेहरा दाखवायचा होता यशोधराचा.

"फोटो चालेल का?" राजरत्न म्हणाला. तो आता जेवणाची पार्सलं पोचवतो. त्याचं अॅप, रेटिंग, सगळं त्या नंबरवर. "भिंतीवरचा काढून नेऊ."

"हार घातलेला फोटो?" भिमाबाई म्हणाल्या. "अरे येड्या, हार बघून ते काय समजतील, लग्न आहे?"

"हार काढून नेऊ ना."

"मी जाते तिच्या नावाने," भिमाबाई म्हणाल्या. "पदर पुढे घेते. आम्ही दोघी सारख्याच काळ्या."

"आणि अंगठा, आजी?"

भिमाबाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि एक शिवी दिली. ती मशीनला होती.

शेवटी मी म्हणालो की खरं सांगून बघू. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसा मी काहीतरी बेकायदा बोललो.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या कंपनीच्या दुकानात गेलो. काचेचं दुकान, आत निळे सोफे. काउंटरवर श्रद्धा नावाची मुलगी होती, छातीवर नावाची पट्टी. मी मृत्यूचा दाखला पुढे केला. तिने वाचला आणि म्हणाली, "सॉरी काका." मग स्क्रीनकडे बघून परत म्हणाली, "सॉरी काका, यांच्या नावावर नऊ नंबर आहेत."

"हो. मोठं कुटुंब आहे."

ती खरंच चांगली मुलगी होती. कोणाला तरी फोन लावला, बराच वेळ बोलली. मग तिने मला नियम सांगितला. ग्राहक वारला तर त्याचे नंबर वारसाच्या नावावर करता येतात, फक्त एकाच वारसाच्या. वारस मी एकटाच, त्यामुळे ते सोपं. शेजाऱ्यांच्या नावावर करायचे तर मूळ ग्राहकाची संमती लागते.

"ती मिळणं जरा कठीण आहे," मी म्हटलं.

"एक वर्षानंतर तुम्ही तुमच्या संमतीने ज्याच्या त्याच्या नावावर करू शकता, काका. तोपर्यंत सगळे तुमच्या नावावर राहतील."

"मग करा."

"पण तुमच्या नावावर तुमचा स्वतःचा एक आहे ना. तो आणि हे नऊ, दहा होतात. नऊच चालतात."

"माझा बंद करा. त्यावर तसंही कर्जवाल्यांशिवाय कोणी फोन करत नाही."

"तुमचा नाही करता येणार. ओटीपी त्याच्यावर येणार. जुन्या नंबरांतला एक सोडावा लागेल." तिने आवाज खाली केला. "मॅडमचा स्वतःचा जो आहे, तो आता वापरात नसेल ना?"

ती बरोबरच बोलत होती. आठ जिवंत माणसं आणि एक मेलेली. लहान पोरानेही हे गणित केलं असतं. नऊचा नियम आणि माझा एक नंबर गल्लीला माहीत होता, सातांनी आदल्या संध्याकाळी ते केलेलंही होतं, फक्त तोंडाने कोणी बोललं नव्हतं. भिमाबाई जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "शंकरभाऊ, तुमच्या मनाला येईल तसं करा." आमच्याकडे असं म्हणतात तेव्हा मनाला काय यावं हे ठरलेलं असतं.

मी श्रद्धाला म्हटलं, नंबर वाच. ती एक एक वाचत गेली, मी कोणाचा ते सांगत गेलो. विक्रांतचा आला तेव्हा मी म्हणालो, "हा बंद कर."

"नक्की? हा तर रोज वापरात आहे."

"नक्की. मी बौद्ध आहे, बुद्ध नाही."

तिला ते कळलं नाही. तिने बटण दाबलं. म्हणाली की बंद व्हायला दोन दिवस लागतील, तोपर्यंत विचार बदलला तर या. घरी येऊन मी ओट्यावर सांगितलं की तुमचे सगळे नंबर राहिले. लोक खूश झाले. राजरत्नने विचारलं, मग कोणाचा गेला? मी विक्रांतचं नाव सांगितलं. कोणी मला वाईट म्हटलं नाही, पण चहाचे कप लवकर खाली आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात मोटारसायकल थांबली. विक्रांत होता. हेल्मेट हातात, कारखान्याचा शर्ट अंगावर, ड्यूटीवरून तसाच उठून आलेला.

मी दारातच म्हणालो, "या साहेब. सातव्या मजल्यावरून उतरायला लिफ्ट मिळाली वाटतं. मावशीसाठी मिळाली नव्हती, नंबरसाठी मिळाली."

तो आत आला. त्याने फोन माझ्यापुढे धरला. कंपनीचा मेसेज होता. प्रिय ग्राहक, नोंदणीकृत ग्राहक श्रीमती यशोधरा शंकर शेजवळ यांच्या निधनामुळे आपली सेवा उद्यापासून बंद होत आहे. आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार.

"काका, हे खरंय का?" तो म्हणाला. "का काहीतरी चुकून आलंय?"

त्याच्या मागे भिंतीवर तिचा फोटो होता, तिकडे त्याची पाठ होती. मी तिकडे बघितलं. तो वळला. हार बघितला. मग हेल्मेट खाली ठेवायला जागा शोधू लागला, जागा समोर असून त्याला ती सापडेना.

"कधी?"

"फेब्रुवारीत."

"फेब्रुवारीत? मला कोणी सांगितलं नाही, काका! चेहऱ्याचा मेसेज आला तेव्हाही वाटलं, मावशी करेल."

आवाज ऐकून राजरत्न समोरून आला. विक्रांतला बघून तो उंबऱ्यातच थांबला. मी त्याला विचारलं, "तुला सांगितलं होतं ना याला फोन कर म्हणून?"

"केला होता, काका," राजरत्न म्हणाला. "त्या दिवशी आपली कुठे रेंज होती? म्हणून पेट्रोल पंपवाल्याच्या फोनवरून केला. विक्रांतदादाचा लागला नाही, त्याचा पण पाखरूच ना. नंतर वाटलं आमच्या बाबांनी सांगितलं असेल. बाबांना वाटलं भिमाआजीने. मग ते... राहूनच गेलं."

एका माणसाला मैताची खबर द्यायची होती. देशाला बोलायला शिकवणाऱ्या कंपनीचे नऊ फोन आमच्याकडे होते. तीन महिने ती खबर अंबरनाथहून पालेगावला पोचली नाही, आणि पोचली तेव्हा कंपनीनेच ती दिली, आभारासकट.

विक्रांत भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला त्याचा राग आलेला होता, तो कुठे ठेवावा कळेना. तीन महिने मी तो राग पण रोज चार्ज केला होता. भिमाबाई पाणी घेऊन आल्या. त्या त्याला म्हणाल्या, "रड बाबा. तुझं राहिलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कार्यक्रमाला आला नाही म्हणून नावं ठेवत होते लोक."

लोक म्हणजे मी.

थोड्या वेळाने विक्रांत म्हणाला, "काका, नंबर गेला तर जाऊ दे. मी नवा घेईन. मी त्यासाठी आलो नव्हतो."

मला माहीत होतं तो त्यासाठी आला नव्हता. पण त्याच्या पोरीच्या शाळेत तोच नंबर होता, कारखान्यात तोच होता, परभणीला त्याच्या आंधळ्या आईला तेवढाच एक पाठ होता. हे त्याने सांगितलं नाही, राजरत्नने सांगितलं. आणि यशोधराने तो नंबर तिच्या अंगठ्यावर त्याला दिला होता. देताना तिने मला विचारलं नव्हतं, मग काढून घ्यायला मी कोण.

"उठ," मी म्हणालो. "दुकान आठला बंद होतं."

त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. श्रद्धाने आम्हाला बघितलं आणि काही न विचारता स्क्रीन उघडली. मी तिला यशोधराचा नंबर सांगितला. पाठ होता, पण तोंडातून बाहेर यायला वेळ लागला.

"काका, नको," विक्रांत मागून म्हणाला.

"तू गप्प बस. तुला कोणी विचारलंय?"

फोन माझ्या शर्टच्या खिशात होता. तेवढ्यात तो वाजला. रखमा होती, तिची रोजची वेळ. श्रद्धाचा हात थांबला. मी फोन उचलला. "हां, भावजी, तुम्हीच का," रखमा म्हणाली. मी तिला सांगितलं, उद्यापासून माझ्या नंबरवर लाव. तिने कारण विचारलं नाही. ती फक्त म्हणाली, "लिहून घ्यायला कोणी नाही घरात, रात्री सांगा." आणि फोन ठेवला.

"काका, सिस्टिम कारण मागते," श्रद्धा म्हणाली. "बंद का करताय ते. यातलं एक निवडायचं."

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि वाचून दाखवलं. सेवा समाधानकारक नाही. दर जास्त आहेत. दुसऱ्या कंपनीकडे जात आहे. गाव बदललं. यशोधराला लागू पडेल असं यात कंपनीने काहीच ठेवलं नव्हतं.

"खाली 'इतर' आहे," ती म्हणाली. "तिथे आपण लिहू शकतो. काय लिहू?"

मी विक्रांतकडे पाहिलं. तो काचेतून बाहेर बघत होता, डोळे पुसत.

"लिही," मी म्हणालो, "जागा नव्हती."